ट्रायग्लिसराइड ३१२ आणि फुगलेलं पोट: खानापूरहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले ४४ वर्षांचे दुकानदार, दिवसभर गल्ल्यावर बसून काम. वजन ७८ किलो, कंबर ९६ सेंटीमीटर. उपाशीपोटी रिपोर्ट: टोटल कोलेस्ट्रॉल २१४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३१२, एचडीएल (चांगलं कोलेस्ट्रॉल) ३४, एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) ११८. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १, यकृताच्या तपासण्या एसजीओटी ३८, एसजीपीटी ५२, प्लेटलेट २ लाख ४० हजार. सकाळी उप्पिट किंवा पोहे, दुपारी भात-आमटी आणि दोन चपात्या, रात्री दहाला दुकान बंद करून पुन्हा भात. दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. रिपोर्ट बघून त्यांनी एकाच आठवड्यात शेंगतेल बंद करून ऑलिव्ह तेल आणलं, सकाळी दुधातले ओट्स, संध्याकाळी मोड आलेली कच्ची मटकी आणि झोपताना दोन चमचे इसबगोल सुरू केलं. आता पोट फुगतं, गॅस होतो, शौचाला साफ होत नाही. त्यांनी विचारलंय: तेल कुठलं वापरू, पोट ताळ्यावर कसं आणू आणि गोळी लागेल का?

तेलाच्या जातीनं ट्रायग्लिसराइडचा आकडा वाढलेला नाही. तो वाढलाय तो रात्रीच्या भातानं, चहातल्या साखरेनं, बैठ्या कामानं आणि कंबरेवरच्या चरबीनं. पोट बिघडलंय ते एका आठवड्यात चार बदल एकदम केल्यानं. दोन्ही गोष्टी सुधारतील, पण क्रम पाळावा लागेल. स्वयंपाक वहिनी करत असतील तर हे त्यांनाही वाचून दाखवा, कारण निम्मं काम स्वयंपाकघरात आहे.

आधी रिपोर्ट नीट वाचू. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. १५० ते १९९ काठावरचं, २०० ते ४९९ वाढलेलं, ५०० च्या पुढे फारच जास्त. तिथून स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती सुरू होते आणि हजाराच्या वर ती खरोखर मोठी असते. तुमचं ३१२ म्हणजे धावपळ करण्याची वेळ नाही, पण दुर्लक्ष करण्याचीही नाही. एलडीएलचा ११८ हा आकडा बहुतेक लॅबमध्ये मोजलेला नसतो, गणितानं काढलेला असतो: टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. २१४ वजा ३४ वजा ६२ बरोबर ११८, म्हणजे तुमच्या रिपोर्टमध्येही तेच गणित दिसतंय. हे सूत्र १९७२ सालचं आहे. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, आणि त्याच्या आतही आकडा चढत जातो तसं ते एलडीएल खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवू लागतं. म्हणून ११८ बघून निश्चिंत होऊ नका. तुमच्यासाठी बघायचा आकडा नॉन-एचडीएल आहे: टोटल वजा एचडीएल, म्हणजे १८०. तो १३० च्या आत आणायचा आहे.

यकृताचा हिशोबही तुमच्याच आकड्यांतून निघतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ४४ गुणिले ३८ म्हणजे १६७२. ५२ चं वर्गमूळ ७.२१, त्याला २४० नं गुणलं की साधारण १७३०. भागाकार ०.९७. हा आकडा १.३ च्या खाली असला की यकृतात घट्ट व्रण धरण्याचा धोका कमी मानतात. म्हणजे चरबी साठली आहे, पण ती परत फिरण्याच्या टप्प्यावर आहे. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड १’ या शब्दापेक्षा हा हिशोब जास्त उपयोगाचा आहे, आणि तो करायला वेगळी तपासणी लागत नाही.

आता ही चरबी येते कुठून ते बघू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्यात पोचतं, पित्तरस त्याचे बारीक थेंब करतो, स्वादुपिंडाचं लायपेज हे विकर (एन्झाइम) ते थेंब फोडतं आणि आतड्याच्या पेशी ते तुकडे शोषून पुन्हा ट्रायग्लिसराइड बांधतात. त्याचे मोठे कण तयार होतात, त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. हे कण सरळ यकृताकडे जात नाहीत. लसिकावाहिन्यांतून छातीतल्या मोठ्या नळीमार्गे रक्तात उतरतात. स्नायू आणि चरबीच्या पेशींजवळच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर असतं, ते त्यांना रिकामं करतं. बारा तास उपाशी राहिल्यावर हे कण रक्तातून जवळजवळ संपलेले असतात. म्हणजे सकाळी उपाशीपोटी सापडलेलं ३१२ हे काल रात्रीच्या फोडणीचं तेल नव्हे. ते यकृतानं स्वतः बांधून रक्तात सोडलेलं आहे, व्हीएलडीएल नावाच्या कणांच्या रूपात.

यकृताला हा कच्चा माल कोण देतं? फॅटी लिव्हरच्या रुग्णांवर झालेला २००५ सालचा एक अमेरिकी अभ्यास फार बोलका आहे. त्यात खुणा लावलेली मेदाम्लं वापरून माग काढला, तेव्हा यकृतातल्या ट्रायग्लिसराइडपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातल्या चरबीतून सुटलेल्या मेदाम्लांचं निघालं, सुमारे २६ टक्के यकृतानं साखर-पिठूळ पदार्थांपासून नव्यानं बनवलेलं आणि फक्त १५ टक्के थेट आहारातल्या मेदाचं. तेल बदलून तुम्ही फार तर त्या १५ टक्क्यांशी खेळताय. उरलेले ८५ टक्के कंबर, साखर आणि भाताच्या हातात आहेत. साखर आणि गुळातला फ्रुक्टोजचा भाग तर थेट यकृतात जातो, आणि ग्लुकोजला तिथे जो लगाम लागतो तो फ्रुक्टोजला लागत नाही. जास्तीचं फ्रुक्टोज यकृत मेदात बदलत राहतं.

हे दुखणं तुमचं एकट्याचं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी आरोग्य पाहणीत देशातल्या प्रौढांपैकी सुमारे ८१ टक्के लोकांत लिपिडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, काही ना काही बिघाड आढळला. आपल्याकडचा नेहमीचा साचा हाच असतो: ट्रायग्लिसराइड चढलेलं, एचडीएल उतरलेलं, हातपाय बारीक आणि पोट पुढे. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या. टेप नाभीवर धरू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून मोजा.

ऊस पट्ट्यात एक समज फार पक्का आहे, की साखर वाईट आणि गूळ चांगला. चिकोडी, अथणी, निपाणी भागात घरचा गूळ, काकवी आणि रसवंतीचा ताजा रस यांत कुणाला काही वावगं दिसत नाही. गुळात थोडं लोह-खनिज जास्त असेल, पण यकृताला तो साखरच दिसतो. २०० मिलिलिटर उसाच्या रसात साधारण २५ ते ३० ग्रॅम साखर असते. दिवसभराची वरून घातलेली सगळी साखर मिळून २५ ग्रॅमच्या आत असावी, हे धोरण धरलं तर एक ग्लास रस म्हणजे दिवसाचा कोटा संपला. तुमचे पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. आजपासून दोन चहा, प्रत्येकी एक सपाट चमचा. उरलेले तीन वेळा ताक, लिंबूपाणी (साखरेविना) किंवा बिनसाखरेचा चहा. पहिले आठ-दहा दिवस जड जातील, मग जीभ सरावते. कुंदा किंवा करदंट अशी मिठाई वर्ज्य नाही. सणाला, पाहुण्यात एक लहान वडी घ्या, त्या दिवशी भात घेऊ नका. दुकानात डबा उघडा ठेवू नका.

पुढचा मुद्दा भाताचा. ८० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ६२ ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि जेमतेम २ ग्रॅम चोथा (फायबर) असतो. ८० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका मोठ्या भाकरीत ५४ ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि ८ ग्रॅम चोथा. भाकरी काही फुकट नाही हे यावरून कळेल, तिच्यातही पिठूळ भाग भरपूर आहे. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर आकडा उतरणार नाही. गव्हाचं न चाळलेलं पीठ चोथ्यात ज्वारीच्या बरोबरीनंच आहे, त्यामुळे चपाती सोडून भाकरी धरली एवढ्यानं मोठा फरक पडतो असं समजू नका. फरक पडतो तो भाताच्या जागी भाकरी किंवा चपाती आली, आणि तिच्या शेजारी भाजी-उसळ वाढली, तर. पीठ मात्र बारीक चाळणीनं चाळू नका, कोंडा तिथेच जातो. खानापुरात उकडा तांदूळ घरोघरी असतो. तो पॉलिश तांदळापेक्षा थोडा हळू पचतो, म्हणून दुपारी अर्धी वाटी घ्यायची तर तोच घ्या. गार भातात न पचणारा स्टार्च थोडा वाढतो हेही खरं, पण तो फार तर ग्रॅम-दोन ग्रॅमचा प्रश्न आहे. त्यासाठी शिळा भात खाण्यात अर्थ नाही, आणि उघड्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जंतू वाढून उलट्या-जुलाब होतात. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

रात्रीचा भात पूर्ण बंद करा. दहा वाजता जेवून अकराला झोपलं की ती सगळी ऊर्जा वापरायला शरीराला कामच नसतं. दुकान दहापर्यंत चालू असेल तर साडेसात-आठला घरून डबा मागवा: एक भाकरी, एक वाटी पालेभाजी, एक वाटी घट्ट वरण किंवा झुणका. दुकान बंद करून घरी गेल्यावर फक्त एक ग्लास ताक.

आता पोट. चोथा म्हणजे नेमकं काय करतो हे कळलं की क्रम का पाळायचा तेही कळेल. काही चोथा पाण्यात फुगून लगदा होतो, इसबगोल आणि ओट्सचा असतो तसा. हा लगदा आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो. एरवी पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला परत शोषली जातात आणि दिवसातून अनेकदा यकृत-आतडं-यकृत अशी फेरी मारतात. ती बाहेर गेली की यकृताला नवी बनवावी लागतात, त्यासाठी कोलेस्ट्रॉल लागतं आणि ते रक्तातून एलडीएल ओढून घेतलं जातं. म्हणून अशा चोथ्यानं एलडीएल पाच-दहा टक्के उतरतं. ट्रायग्लिसराइडवर त्याचा फार परिणाम होत नाही. तुमचा मुख्य आकडा ट्रायग्लिसराइडचा आहे, त्यामुळे इसबगोलवर सगळी भिस्त ठेवली तर तीन महिन्यांनी निराशाच पदरी येईल. त्याचा खरा उपयोग तुम्हाला शौच साफ होण्यासाठी आणि नॉन-एचडीएल थोडं उतरवण्यासाठी आहे.

दुसरा चोथा मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाणं आहे. ते त्यापासून असिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी लहान मेदाम्लं बनवतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. पण हे करताना वायूही तयार होतो. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, त्या फोडायचं विकर माणसाच्या आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच खाली पोचतात आणि जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात. ज्या पोटाला रोज १५-२० ग्रॅम चोथ्याची सवय, त्याला एकदम दुप्पट दिला की ते फुगणारच. त्यात तुम्ही मटकी कच्ची खाल्ली. त्यात ओट्स दुधातले. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर न पचणारे लोक बरेच आहेत, आणि चहातल्या चमचाभर दुधानं जे कळत नाही ते वाटीभर दुधानं कळतं. त्यात इसबगोल झोपताना, बहुधा अर्ध्या कप पाण्यात. इसबगोल वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतं. पाणी वरून दिलं नाही तर आतड्यातलं धरून तिथेच गोळा होऊन बसतं आणि शौच उलट घट्ट होतं.

म्हणून असं करा. पहिला आठवडा ओट्स, दूध, कच्ची मटकी आणि इसबगोल चारही बंद. साखर आणि रात्रीचा भात मात्र पहिल्याच दिवशी कमी करा, त्यानं गॅस होत नाही. या आठवड्यात साधं खा: मूगडाळीचं वरण, दुधी, दोडका, पडवळ, भोपळा, दुपारी एक भाकरी, दोन वेळा पातळ ताक. पोट शांत झालं आणि दूध बंद केल्यानंच फरक पडला असं वाटलं, तर पुढे दूध चहापुरतं ठेवा. दही-ताक बहुतेकांना चालतं, कारण विरजणात ती साखर बरीच कमी झालेली असते.

दुसऱ्या आठवड्यात भाकरी दोन वेळा करा आणि एक दिवसाआड अर्धी वाटी उसळ घ्या. मूग आणि हुलगे आधी, मटकी नंतर, हरभरा-राजमा सगळ्यांत शेवटी. कडधान्य आठ ते बारा तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, मोड आणा आणि मऊ शिजवा. भिजवलेलं पाणी ‘सत्त्व जाईल’ म्हणून त्याच उसळीत घालतात, गॅसच्या साखरा नेमक्या त्यातच उतरलेल्या असतात. फोडणीत हिंग, लसूण घातलं तर चवीला छान, पण मुख्य काम भिजवण्या-शिजवण्याचं आहे.

तिसऱ्या आठवड्यात पालेभाज्या वाढवा, दिवसाला सगळ्या भाज्या मिळून ३०० ग्रॅम: मेथी, चाकवत, शेपू, राजगिरा, तांबडी भाजी, जे बाजारात ताजं असेल ते. बटाटा आणि रताळं या ३०० ग्रॅममध्ये धरू नका, ते भाताच्या खात्यात टाका. बेळगावच्या बाजारात रताळी स्वस्त असतात आणि ‘उपासाचं’ म्हणून पोटभर खाल्ली जातात, म्हणून मुद्दाम सांगावं लागतं. याच आठवड्यात जवस सुरू करा, आधी ५ ग्रॅम, मग १०. जवस मंद आचेवर तीन-चार मिनिटं तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर जाडसर कुटा, हवाबंद डब्यात ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा. अख्खा जवस न चावला गेल्यास जसाच्या तसा बाहेर पडतो आणि कुटून महिनाभर ठेवलेला खवट होतो. १० ग्रॅममध्ये सुमारे २ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतीतलं ओमेगा-३, मिळतं. कारळ्याची चटणी आपल्याकडे जवसाच्या जोडीनं होते, चवीला उत्तम आहे, पण कारळ्यात मुख्यतः ओमेगा-६ आहे. ओमेगा-३ साठी जवसच हवा. चटणीत मीठ हात राखून घाला.

चौथ्या आठवड्यात, गरज असली तरच, इसबगोल. ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक मोठा चमचा, २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्या, घट्ट होऊ देऊ नका, आणि वर आणखी एक ग्लास पाणी. संध्याकाळच्या जेवणाआधी घ्या, आडवं होण्याच्या वेळी नको. थायरॉइडची किंवा दुसरी कुठलीही गोळी असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. दिवसभरात अडीच लिटरच्या आसपास पाणी गेलं पाहिजे. दुकानात बाटली समोर ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकांच्या नादात राहून जातं.

या क्रमानं महिनाभरात तुम्ही ३० ग्रॅमच्या पुढे पोचाल: दोन भाकऱ्यांच्या साधारण १४० ग्रॅम पिठातून १४, डाळी-उसळीतून ७-८, भाज्यांतून तेवढाच, मूठभर शेंगदाण्यांतून आणि जवसातून मिळून ५. २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत, कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, हृदयविकार आणि एकूण मृत्यूचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसलं. त्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू आपल्या आठवडी बाजारात मिळते. ओट्स वाईट नाहीत, पण ज्वारी-नाचणीच्या घरात पाकीट विकत आणण्याची गरज नाही. नाश्त्याला ३० ग्रॅम नाचणीची आंबील ताक घालून, किंवा मूगडाळीची दोन धिरडी. उप्पिट करायचंच तर रव्याइतक्याच भाज्या घाला.

आंबील-ताकाबद्दल आणखी एक. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. आंबवलेले पदार्थ वाढवलेल्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातले सुजेचे काही निर्देशक उतरले. नुसता चोथा वाढवलेल्या गटात तेवढ्या काळात विविधता वाढली नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून ट्रायग्लिसराइड उतरतं असं कुणी म्हणू नये. पण ताक, दही, आंबील, इडली ताटात ठेवायला एवढं कारण पुरे आहे. ‘आतडं गळतं, म्हणून चरबी वाढते’ असं सांगून महागड्या कॅप्सूल विकल्या जातात. त्यामागची बरीचशी मांडणी २००७ नंतरच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून आली आहे, माणसांत एवढा सरळ हिशोब लागत नाही. शौचाचा नमुना पाठवून जिवाणूंचा नकाशा मागवण्यावरही पैसे घालवू नका. त्या रिपोर्टवरून आज कुठलाच उपचार ठरत नाही.

तेलाचं आता सांगतो. शेंगतेलात साधारण २० टक्के संतृप्त, ४८ टक्के एकअसंतृप्त आणि ३२ टक्के बहुअसंतृप्त मेद असतो. रोजच्या फोडणीला ते चांगलं तेल आहे, परत सुरू करा. महिन्याआड करडईचं आणलं तरी चालेल. पामतेलात निम्मा मेद संतृप्त असतो, ते रोजच्या वापरात नको. खरा मुद्दा मापाचा आहे, कारण कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरीच असतात, ऑलिव्हच्याही. माणशी दिवसाला २० ग्रॅम धरा, म्हणजे चार लहान चमचे. चार माणसांच्या घराला महिन्याला २४०० ग्रॅम, साधारण अडीच-पावणेतीन लिटर. एक तारखेला तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढा आणि वर तारीख लिहा. वीस तारखेला डबा रिकामा झाला तर गळती कुठे आहे ते त्या महिन्यात कळेलच. घाण्याचं तेल घेत असाल तर घाणेवाला शेंगदाणे निवडतो का ते बघा. ओलसर, काळपट, बुरशी धरलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असतं आणि ते यकृताचंच विष आहे. तुमच्या यकृताला ते अजिबात परवडणार नाही. गाड्यावरची मिरची भजी टाळा, कारण तेच तेल दिवसभर तापत राहतं. खारी, टोस्ट, नानकटाई यांत वनस्पती तूप असतं. २०२२ पासून ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली आहे, पण मैदा, साखर आणि संतृप्त मेद तसेच आहेत. चार वाजता चुरमुऱ्यांऐवजी २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या. चुरमुरे म्हणजे फुगवलेला भातच.

मासे खाता तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली आणा, गोवा-कारवारकडून बेळगावात ते रोज येतात. कालवण करा, तळू नका. जवसातलं ओमेगा-३ शरीरात ईपीए-डीएचए या माशातल्या ओमेगा-३ मध्ये फार थोडं बदलतं, माशातलं आयतं असतं. माशाच्या तेलाची साधी १००० मिलिग्रॅमची कॅप्सूल घेऊन मात्र ट्रायग्लिसराइड उतरणार नाही. तिच्यात ईपीए-डीएचए मिळून साधारण ३०० मिलिग्रॅमच असतं आणि परिणाम दिसायला २ ते ४ ग्रॅम लागतं, म्हणजे दिवसाला निदान सात कॅप्सूल. एवढा डोस डॉक्टरांच्या देखरेखीविना घेऊ नये, हृदयाची लय बिघडण्याचा धोका त्यानं वाढतो.

चालणं. स्नायूंजवळचं ते लायपोप्रोटीन लायपेज व्यायामानंतर वाढतं आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंत टिकतो. म्हणून रविवारी दोन तास चालण्यापेक्षा रोज ३० मिनिटं जास्त कामाची, आणि त्यातली १५ मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर. दर तासाला गल्ल्यावरून उठून पाच मिनिटं उभ्यानं काम करा. बिडी-सिगारेट असेल तर सोडा. एचडीएल ३४ वर राहण्याचं ते एक कारण असतं. दारू असेल तर हे तीन महिने पूर्ण बंद, ट्रायग्लिसराइड सगळ्यांत वेगानं चढतं ते तिनंच.

वजन चार ते सहा किलो उतरवायचं आहे, तीन-चार महिन्यांत. ५ ते १० टक्के वजन उतरलं की ट्रायग्लिसराइड साधारण २० टक्के उतरतं, साखर-दारू-भात कमी केल्याचा फायदा त्यावर वेगळा. घाई करू नका. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरलं किंवा जेवणं टाळून तेल शून्यावर आणलं, तर पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही आणि खडे धरतात. म्हणून दोन्ही मुख्य जेवणांत चमचाभर तेल असलंच पाहिजे. वरणावर अर्धा चमचा तूप घेतलं तरी हरकत नाही, ते त्या २० ग्रॅममध्येच मोजा.

गोळीबद्दल. आत्ताच टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. थायरॉइड मंद असेल किंवा मूत्रपिंडातून प्रोटीन जात असेल तर आहार कितीही पाळला तरी आकडा हटत नाही. स्टेरॉइड किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्याही तो चढवतात, चालू असतील तर डॉक्टरांना दाखवा, आपण होऊन बंद करू नका. तुमच्या पातळीवर साधारणपणे आधी आहार, आणि हृदयाचा एकूण धोका बघून स्टॅटिन (कोलेस्ट्रॉल उतरवणारी गोळी) द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतात. घरात वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते त्यांना जरूर सांगा, निर्णय त्यानं बदलू शकतो. फेनोफायब्रेट ही ट्रायग्लिसराइड उतरवणारी गोळी मुख्यतः ५०० च्या पुढे लागते.

फेरतपासणी बारा आठवड्यांनी करा, त्याआधी दर पंधरा दिवसांनी रक्त देत बसू नका. एकाच माणसाचं ट्रायग्लिसराइड काही कारण नसताना २० टक्के खाली-वर होतं, त्यामुळे ३१२ चं २७० झालं म्हणून हुरळायचं नाही आणि ३५० झालं म्हणून घाबरायचं नाही. लॅब तीच ठेवा. आदल्या रात्री आठला जेवा आणि सकाळी आठला रक्त द्या, मधे फक्त पाणी. ताप-सर्दीत देऊ नका, लग्न-जत्रेच्या दुसऱ्या दिवशीही नको. लिपिड, एचबीएवनसी आणि एसजीपीटी तिन्ही एकाच वेळी करा. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसीचा बदल तीन महिन्यांआधी खरा दिसत नाही.

आणि हे झालं तर बारा आठवडे थांबू नका. शौचातून रक्त, न प्रयत्न करता वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणं, किंवा तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं आणि पाणी ओतूनही न जाणारं शौच: यांपैकी काहीही असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, ते गॅसचं दुखणं नव्हे. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ येऊन पाठीत गेली आणि उलट्या होऊ लागल्या, तर रात्र असो की दिवस, खानापुरात वाट न बघता थेट बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात जा आणि तिथे पोचल्याबरोबर तुमचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं असतं हे सांगा.